'ऑल' नक्की कुणाचा?

भाषांतर करणाऱ्यांसमोरच्या या व्याख्यानाची सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करते. बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका इंग्रजी कथेचं भाषांतर करत होते. दोन बहिणी वडिलांच्या अंत्यविधीला येतात, असा प्रसंग होता. त्यात एक साधंसं वाक्य आलं: 'दे वेअर ऑल इन ब्लॅक.' मी बेधडक लिहिलं, 'त्या सगळ्या काळ्या कपड्यांत होत्या.' मजकूर तपासून परत आला तेव्हा समासात पेन्सिलीनं एकच प्रश्न लिहिलेला होता: 'बहिणी दोनच ना? मग सगळ्या कोण?'

मी मूळ वाक्य पुन्हा काढून पाहिलं. इंग्रजी लेखकानं काहीच चुकवलं नव्हतं. दोघींविषयी बोलायचं असतं तर त्यानं 'बोथ' लिहिलं असतं. इंग्रजीत माणसं मोजताना 'ऑल' लागायला किमान तीन डोकी हवीत. म्हणजे इथला 'ऑल' बहिणींचा नव्हताच, तो काळ्या रंगाचा होता. दोघी नखशिखान्त काळ्या पोशाखात होत्या, एवढंच त्याला सांगायचं होतं. मी 'ऑल' दिसला की 'सगळे' लिहायच्या सवयीनं एक अख्खा घोळका अंत्यविधीला आणून उभा केला.

त्या पेन्सिलीच्या प्रश्नानं मला या शब्दाच्या मागे लावलं, ते आजतागायत. 'ऑल' हा इंग्रजीतला अगदी पहिल्या वर्षी शिकायचा शब्द. कोशात अर्थ पाहिला तर 'सर्व, सगळा, संपूर्ण'. त्यात शिकण्यासारखं काय आहे? नामाच्या आधी येतो तेव्हा खरोखर फारसं काही नाही. 'ऑल चिल्ड्रन' म्हणजे सगळी मुलं. गडबड होते ती तो प्रेपोझिशनच्या, म्हणजे नामाआधी येऊन जागा, वेळ वगैरे दाखवणाऱ्या 'इन', 'ओव्हर'सारख्या शब्दाच्या, पदबंधाआधी येऊन बसतो तेव्हा. 'ऑल इन', 'ऑल ओव्हर', 'ऑल थ्रू', 'ऑल फॉर', 'ऑल बाय', 'ऑल ऑफ'. दिसायला तो प्रत्येक ठिकाणी त्याच जागी बसलेला असतो, पण तो कुणाचा आहे हे दर वेळी वेगळं असतं. शेजारी बसला म्हणून तो त्याच घरचा, असं धरून चालता येत नाही.

आधी सोपा प्रकार घेऊ. 'द चिल्ड्रन आर ऑल इन द गार्डन.' मुलं सगळी बागेत आहेत. इथे 'ऑल' मुलांचा आहे. तो कर्त्यापासून सुटून पुढे सरकला आहे. भाषाशास्त्रात अशा, 'किती' ते सांगणाऱ्या पण आपल्या नामापासून सुटलेल्या, शब्दाला तरंगता परिमाणवाचक म्हणतात. हा प्रकार आपल्याला मुळीच परका नाही. 'सगळी मुलं बागेत आहेत' आणि 'मुलं सगळी बागेत आहेत' ही दोन्ही वाक्यं आपण सहज बोलतो. फरक असा की मराठीत 'सगळी' कितीही लांब गेला तरी त्याच्या अंगावर मुलांची खूण असते. मुलं नपुंसकलिंगी अनेकवचनी, म्हणून 'सगळी'. मुलगे असते तर 'सगळे', मुली असत्या तर 'सगळ्या', आणि पाणी असतं तर 'सगळं'. 'पाणी सगळं जमिनीवर सांडलं' या वाक्यात जमीन सगळी भिजली का, ते माहीत नाही, पण भांड्यात थेंब उरला नाही, हे त्या एका अनुस्वारानं सांगून टाकलं. 'पाणी सगळ्या जमिनीवर सांडलं' म्हटलं की हिशेब उलटा. आता भांड्यात थोडं उरलंही असेल, पण जमीन मात्र कोरडी कुठे नाही. शब्दाच्या शेवटाकडे पाहिलं की मालक कळतो.

इंग्रजीत ही सोय नाही. पण एके काळी होती, आणि ही मला फार मजेची गोष्ट वाटते. जुन्या इंग्रजीत हा शब्द 'एअल' असा होता आणि त्याला आपल्यासारखीच रूपं होती: एअल, एअल्ले, एअल्रा, एअल्लुम. लिंग, वचन, विभक्ती, सगळं त्यात दिसायचं. पुढच्या काही शतकांत इंग्रजी विशेषणांचे प्रत्यय झिजत गेले आणि साधारण १५०० सालापर्यंत जवळजवळ नाहीसे झाले. शब्द उरला, नावपट्टी गेली. तेव्हापासून 'ऑल' कुणाचा, हे वाचणाऱ्यानं शब्दांच्या क्रमावरून आणि संदर्भावरून ओळखायचं.

मुळात हा 'ऑल' कर्त्यापासून सुटतो तरी का, यावर भाषाशास्त्रज्ञांनी बरंच डोकं खपवलं आहे. दोमिनिक स्पोर्टिश यांनी १९८८मध्ये मांडलेली कल्पना मला आवडते, कारण ती विचार उलटा करते. त्यांच्या मते 'ऑल' पुढे सरकलेलाच नाही, सरकला आहे तो कर्ता. वाक्याच्या रचनेत कर्ता आधी आत, विधेयाच्या जवळ असतो, मग तो वाक्याच्या तोंडाशी येतो आणि 'ऑल'ला जुन्या जागीच सोडून येतो. यजमान उठून दिवाणखान्यात गेले आणि चष्मा आतल्या खोलीत राहिला, तसं. सगळ्यांना ही मांडणी पटलेली नाही, काही जण 'ऑल'ला सरळ क्रियाविशेषण मानतात. आपल्याला त्या वादात पडायचं नाही. पण राहिलेला चष्मा नेमका कुठे सापडतो, ते आपल्या कामाचं आहे. 'द चिल्ड्रन ऑल रॅन टु द गार्डन' या वाक्यात तो क्रियापदाच्या आधी सापडतो. तिथे गोंधळाला वावच नाही, कारण 'ऑल' आणि प्रेपोझिशन यांच्यामध्ये 'रॅन' उभा आहे. पण क्रियापद 'बी' असेल, म्हणजे 'इज, आर, वॉज, वेअर' यांपैकी, तर 'ऑल' त्याच्यानंतर येतो आणि बरोबर प्रेपोझिशनच्या मांडीला मांडी लावून बसतो. माझी चूक झाली ती अशाच जागी. तुमच्या चुका काढून पाहा, बहुतेक तिथेच सापडतील.

आता दुसरा 'ऑल', जो खरोखरच प्रेपोझिशनचा असतो. 'देअर वेअर पेपर्स ऑल ओव्हर द फ्लोअर.' जमिनीवर कागदच कागद. हा 'ऑल' कागदांविषयी काही सांगत नाही. जगातले सगळे कागद, घरातले सगळे कागद, असं काहीच नाही. तो 'ओव्हर द फ्लोअर'ला फुगवतो. आणि याला मराठीत नेमका शब्द आहे, जो आपण रोज वापरतो आणि भाषांतर करताना नेमका विसरतो: 'भर'. घरभर, अंगभर, गावभर, टेबलभर. कालाच्या बाबतीत रात्रभर, आठवडाभर, आयुष्यभर. 'ऑल ओव्हर द हाउस' म्हणजे 'सगळ्या घरावर' नव्हे आणि 'सर्व घरामध्ये'ही नव्हे. घरभर. 'ऑल थ्रू द नाइट' म्हणजे रात्रभर. चार शब्दांना एक शब्द. इंग्रजी भाषांतरकाराला आपला हेवा वाटावा अशी ही जागा आहे.

दोन 'ऑल' खरंच वेगळे आहेत का, की मी उगाच फोड करते आहे, असं कुणाला वाटत असेल तर हे वाक्य पाहा: 'दे हॅव ऑल बीन ऑल ओव्हर द वर्ल्ड.' ते सगळेच जगभर फिरले आहेत. एका वाक्यात दोन 'ऑल', आणि कुणालाही ते खटकत नाही. पहिला माणसांचा, दुसरा जगाचा. एकच शब्द दोनदा आला असता तर कान टवकारले असते. इथे तसं होत नाही, कारण ऐकणाऱ्याच्या मनात त्यांची घरं वेगळी आहेत.

ओळखायची आणखी एक खूण आहे. प्रेपोझिशनचा 'ऑल' प्रेपोझिशनबरोबर वाक्याच्या सुरुवातीला जातो. 'ऑल ओव्हर द फ्लोअर ले पेपर्स' हे जरा साहित्यिक वळणाचं, पण शुद्ध वाक्य आहे. 'ऑल इन द गार्डन वेअर द चिल्ड्रन' मात्र कुणी म्हणणार नाही. मुलांचा 'ऑल' मुलांना सोडून बागेचा हात धरून पुढे येत नाही.

पण दुसरा 'ऑल' कुठल्याही प्रेपोझिशनला चिकटतो का? नाही. आणि हा भाग मला सगळ्यांत रंजक वाटतो, तेव्हा इथे थोडी रेंगाळते.

'ओव्हर, थ्रू, अलाँग, अक्रॉस, राउंड, डाउन' यांच्याआधी 'ऑल' छान बसतो. 'ऑल अलाँग द रोड' म्हणजे रस्त्याच्या कडेकडेनं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. 'ऑल राउंड द हाउस' म्हणजे घराच्या चहूबाजूंनी. आता 'अॅट, निअर, बिसाइड' घ्या. 'ही वॉज ऑल अॅट द डोअर' असं कुणी म्हणत नाही. 'देअर वेअर पेपर्स ऑल निअर द टेबल' हेही कानाला नीट लागत नाही, आणि लागलंच तर ते सगळे कागद टेबलाजवळ होते, या पहिल्या अर्थानं. कारण उघड आहे. 'ओव्हर'पासून 'डाउन'पर्यंतची मंडळी पसरट आहेत. त्यांत लांबी आहे, रुंदी आहे, वाट आहे. 'ऑल'ला भरायला काहीतरी जागा लागते. 'अॅट' म्हणजे ठिपका. ठिपका भरणार कसा?

ठिपक्याला ठासून सांगायचं असेल तर इंग्रजी 'राइट' वापरतं. 'राइट अॅट द डोअर', 'राइट इन द मिडल ऑफ द रोड'. अगदी दारातच, भर रस्त्यात. आणि इथे मी थबकले, कारण 'भर' पुन्हा आला. रस्ताभर आणि भर रस्त्यात. शब्द मागे लावला की पसरतो, पुढे लावला की एका जागी खुपसला जातो. 'रस्ताभर माणसं' म्हणजे सगळ्या रस्त्यावर. 'भर रस्त्यात माणूस' म्हणजे नेमका मधोमध. दिवसभर आणि भर दिवसा. सभाभर कुजबुज आणि भर सभेत अपमान. इंग्रजीला या दोन कामांसाठी 'ऑल' आणि 'राइट' असे दोन वेगळे शब्द लागतात, आपण एकाच शब्दाची जागा बदलतो. रूपातही फरक आहे. 'रस्ताभर'मध्ये रस्त्याचं सामान्यरूप होत नाही, 'भर रस्त्यात'मध्ये होतं. गंमत म्हणजे ज्या खोडीसाठी मी इतका वेळ 'ऑल'ला नावं ठेवते आहे, तीच खोडी आपल्या 'भर'मध्ये आहे. एक शब्द, दोन घरं. फक्त आपण ती लहानपणीच गिळून बसलो आहोत, म्हणून टोचत नाही.

'ऑल ओव्हर' किती भरतो? जमिनीवर इंचभरही मोकळी जागा नाही, असं तो म्हणतो का? तसं नाही. जिकडे पाहावं तिकडे कागद, एवढंच. मधे मोकळी फरशी दिसली म्हणून वाक्य खोटं ठरत नाही. आपण 'घरभर खेळणी पसरली आहेत' म्हणतो तेव्हा कुणी मोजपट्टी घेऊन येत नाही, तसंच. 'ही कॉफ्ड ऑल थ्रू द नाइट' म्हणजे रात्रीच्या प्रत्येक क्षणाला खोकला नव्हे, तर थोड्या थोड्या वेळानं, झोपू न देणारा. म्हणून याचं भाषांतर करताना 'संपूर्ण', 'सर्वस्वी', 'पूर्णतः' असे कडक शब्द आणू नयेत. 'भर' ढिला आहे, आणि 'ऑल' इथे तितकाच ढिला आहे.

कडक भरायचं असेल तर इंग्रजी दुसरी युक्ती करतं: 'ऑल द वे'. 'टु, फ्रॉम, इन्टु' ही मंडळी वाट दाखवतात, पण त्यांचं लक्ष टोकाकडे असतं. म्हणून 'ऑल टु द स्टेशन' होत नाही, 'ऑल द वे टु द स्टेशन' होतं. मराठीत याला 'पार' आहे, 'थेट' आहे. पार स्टेशनपर्यंत. 'थ्रू'ला दोन्ही चालतं, आणि दोन्हींत किती फरक पडतो ते पाहा. 'देअर आर मिस्टेक्स ऑल थ्रू द बुक' म्हणजे पुस्तकभर चुका आहेत. 'आय रेड ऑल द वे थ्रू द बुक' म्हणजे मी पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं. पहिल्यात शिंपडलं आहे, दुसऱ्यात कापत गेलो आहे. परीक्षकाच्या अहवालात ही दोन वाक्यं उलटीपालटी झाली तर लेखकाचं काय होईल, याची कल्पना करा.

या 'ऑल द वे'चा एक नातेवाईक तुम्हाला रोज भेटतो. 'ऑलवेज'. जुन्या इंग्रजीत 'एअल्ने वेग' म्हणजे 'सगळी वाट'. वाट सरून काळ आला आणि 'संपूर्ण वाट' म्हणजे 'नेहमी' झालं. 'ऑल अलाँग'चंही तेच. पुढे नाम असेल तर ती जागा, 'ऑल अलाँग द रिव्हर', नदीच्या काठाकाठानं. पुढे काही नसेल तर काळ: 'आय न्यू इट ऑल अलाँग', मला ते पहिल्यापासूनच ठाऊक होतं. जागेची प्रेपोझिशनं काळासाठी उसनी घेतली जातात, हे सगळीकडेच घडतं. पण प्रत्येक उसनवारीत 'ऑल' बरोबर येतोच असं नाही. 'ओव्हर द वीकेंड' म्हणतात, पण 'ऑल ओव्हर द वीकेंड' म्हणत नाहीत. जागेच्या 'ओव्हर'ला चालणारा 'ऑल' काळाच्या 'ओव्हर'ला चालत नाही. तिथे प्रेपोझिशनच गाळून 'ऑल वीकेंड' म्हणायचं. कुणीतरी आत्ता मागून विचारलं, 'ऑल ड्युअरिंग' चालतं का? बोलण्यात ऐकू येतं, विशेषतः अमेरिकनांच्या. लिहिताना 'ऑल थ्रू' वापरा.

आता तुम्ही म्हणाल, 'इन' तर ठिपक्याच्याच बाजूचा, मग 'ऑल इन ब्लॅक' कसं चाललं? प्रश्न रास्त आहे. 'इन' जागेचा असतो तेव्हा 'ऑल' त्याला खरंच चिकटत नाही. 'शी वॉज ऑल इन द किचन' हे वाक्य होत नाही, कारण बाई एकच आणि ती थोडी स्वयंपाकघरात थोडी बाहेर असणार नाही. पण 'इन' स्थिती सांगतो तेव्हा तीत कमीजास्तपणा येतो. माणूस थोडा काळ्या कपड्यांत असू शकतो, पांढरा सदरा आणि काळी विजार. म्हणून 'ऑल इन ब्लॅक' हे सांगण्यासारखं ठरतं. 'ऑल इन पीसेस' म्हणजे पार तुकडे तुकडे. 'ऑल इन अ मडल' म्हणजे नुसता गोंधळ. कर्ता एकवचनी ठेवून पाहायचं. 'शी वॉज ऑल इन ब्लॅक' जमतं, म्हणजे इथला 'ऑल' स्थितीचा असू शकतो. 'शी वॉज ऑल इन द किचन' जमत नाही, म्हणजे अनेकवचनात तो आला तर तो माणसांचाच. आणि माणसं दोनच आहेत का, तेही पाहायचं. दोनच असतील तर त्यांना 'बोथ' लागतो, म्हणजे तिथला 'ऑल' दुसऱ्याचा. माझ्या दोन बहिणींना मी ही चाचणी लावली असती तर पेन्सिल वाचली असती.

हीच एकवचनाची चाचणी 'फॉर'ला लावू. 'आय अॅम ऑल फॉर इट.' मी त्याच्या पूर्ण बाजूनं आहे. कर्ता एकटा, म्हणजे 'ऑल' 'फॉर'चाच. मग विरोध करायचा असेल तर 'आय अॅम ऑल अगेन्स्ट इट'? नाही म्हणत. तिथे 'डेड अगेन्स्ट' म्हणतात. पाठिंब्याला 'ऑल', विरोधाला 'डेड'. याला तर्क विचारू नका, मी विचारून थकले. उपयोग मात्र आहे. 'वी आर ऑल अगेन्स्ट इट' असं वाक्य आलं तर डोळे मिटून 'आम्ही सगळेच याच्या विरोधात आहोत' लिहा, दुसरा अर्थ तिथे नाही. 'वी आर ऑल फॉर इट' आलं की मात्र थांबा. 'आमचा याला पूर्ण पाठिंबा आहे' की 'आमच्यापैकी प्रत्येकाचा आहे'? ठरावाच्या मजकुरात हा फरक क्षुल्लक नाही.

'ऑल इन वन' या गटाबद्दल थोडक्यात. 'ऑल इन वन डे', 'ऑल अंडर वन रूफ', 'ऑल ऑन वन पेज'. 'ऑल ओव्हर' पसरवतो, हा गट गोळा करतो. पुष्कळ गोष्टी आणि एकच भांडं. आपण हे काम 'च'कडून करून घेतो: एकाच दिवसात, एकाच छताखाली. भाषांतरात 'च' घातला की 'सगळं' नाही लिहिलं तरी चालतं, बरेचदा नाही लिहिलं तर जास्त बरं.

या गटात व्याकरणाची एक बारीक जागा लपलेली आहे. 'आय रेड द बुक्स ऑल' हे वाक्य चूक आहे. कर्माचा 'ऑल' असा मागे लटकत राहू शकत नाही. पण 'आय पुट द बुक्स ऑल ऑन वन शेल्फ' चालतं. पुस्तकं तीच, 'ऑल' तोच, फरक एवढाच की पुढे प्रेपोझिशनचा पदबंध आला आणि 'ऑल'ला पाठ टेकायला भिंत मिळाली. कर्म सर्वनाम असेल तर मात्र भिंत लागत नाही. 'आय रेड देम ऑल', 'आय रेड इट ऑल' बिनधास्त चालतं.

तिसरा 'ऑल' ना कर्त्याचा, ना प्रेपोझिशनच्या जागेचा. तो बोलणाऱ्याचा. 'ही लॉस्ट अ फ्रेंड, ऑल फॉर अ सिंगल वर्ड.' एका शब्दापायी मित्र गमावला. मित्र एक, शब्द एक, कशातच 'सगळं' मावत नाही. इथे 'ऑल' म्हणजे कपाळावरची आठी आहे. 'एवढं सगळं झालं ते कशासाठी, तर...' हा सगळा उसासा त्या एका अक्षरात आहे. मराठीत यासाठी 'पायी' आहे, 'केवळ' आहे, 'निव्वळ' आहे, 'एवढ्याशा' आहे. 'सगळे' अजिबात नाही.

याच कुळातला 'ऑल ऑफ' आहे, पुढे आकडा घेऊन येणारा. 'ही इज ऑल ऑफ सिक्स फीट.' चांगला सहा फूट आहे. 'शी स्टेड फॉर ऑल ऑफ फाइव्ह मिनिट्स.' मोजून पाच मिनिटं थांबली. इंग्रजी शब्द एकच, पण पहिल्या वाक्यात कौतुक आहे आणि दुसऱ्यात टोमणा. 'ती सर्व पाच मिनिटे थांबली' असं लिहिलेलं मी छापील मजकुरात पाहिलं आहे. लिहिणाऱ्यानं शब्द अचूक दिला आणि टोमणा हरवला. 'चांगला' आणि 'मोजून' हे आपल्या तोंडात असतात, लेखणीत का उतरत नाहीत कोण जाणे. बहुधा कोशात 'ऑल'समोर ते छापलेले नसतात म्हणून.

'ऑल बट'चा सापळा ठाऊक असेल, पण सांगून ठेवते. 'ऑल बट टू केम' म्हणजे दोघं वगळता सगळे आले. 'द वर्क इज ऑल बट डन' म्हणजे काम जवळजवळ झालं आहे. 'बट' हा इथे 'परंतु' नाही. त्याचं मूळ जुन्या इंग्रजीतल्या 'बूटन'मध्ये आहे, अर्थ 'बाहेर', त्यावरून 'वगळून'. काम 'सगळं काही' आहे, फक्त 'झालं' एवढं वगळून. म्हणजे झाल्यातच जमा. हे 'झाल्यातच जमा' मला या 'ऑल बट'चं सगळ्यांत जवळचं मराठी वाटतं.

'ऑल ऑफ अ सडन', 'ऑल अॅट वन्स' यांचं विच्छेदन करत बसू नका. 'ऑल अॅट सी' म्हणजे समुद्रावर कुणी नाही, भांबावलेला आहे. हे जोड आता शब्दच झाले आहेत. 'अॅट वन्स' म्हणजे ताबडतोब आणि 'ऑल अॅट वन्स' म्हणजे एकाएकी किंवा सगळं एकदम, एवढा भेद सांभाळला की पुरे.

प्रश्नांसाठी वेळ ठेवायला सांगितला होता, तो थोडा उरला आहे. चिठ्ठीवर एक वाक्य आलं आहे: 'शी डिड इट ऑल बाय हरसेल्फ.' याचं भाषांतर कसं करायचं?

वाक्य छान निवडलं आहे, कारण यात 'ऑल'ला दोन्हीकडून ओढ आहे. डावीकडे 'इट' आहे, आणि मघाशी पाहिलं की सर्वनामाला 'ऑल' मागून सहज चिकटतो. 'इट ऑल', म्हणजे ते सगळं. उजवीकडे 'बाय हरसेल्फ' आहे, आणि त्यालाही 'ऑल' चालतो. 'ऑल बाय हरसेल्फ', म्हणजे अगदी एकटीनं. आता 'अलोन' हा शब्दच मुळात 'ऑल' आणि 'वन' मिळून झाला आहे. 'ऑल अलोन' म्हणणारा नकळत 'ऑल' दोनदा म्हणत असतो. एकटेपणाशी या शब्दाचं नातं असं जुनं आहे, त्यामुळे उजवीकडची ओढ कमी समजू नका. बोलताना माणूस कुठे क्षणभर थांबतो, त्यावरून कळतं. 'शी डिड इट ऑल', मग विराम, तर 'तिनं सगळं स्वतः केलं'. 'शी डिड इट', मग विराम, तर 'तिनं ते एकटीनं केलं'. छापील पानावर विराम नसतो. मी अशा वेळी मागे जाऊन 'इट' म्हणजे काय ते शोधते. पाच-सात कामांची जंत्री असेल तर 'ऑल' त्यांचा. एकच लहानसं काम असेल, लहान मुलीनं बुटाची नाडी बांधली असेल, तर 'ऑल' तिच्या एकटेपणाचा, आणि मग 'सगळं' हा शब्द भाषांतरात कुठेच येत नाही: 'तिची तिनं बांधली.'